महागडा माऊस आणला, तरी मनगट ठणकतंच? या चुका टाळा

पहिली चूक मी स्वतः केलेली आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते. उजवं मनगट दुखायला लागलं आणि मी व्हर्टिकल माऊस मागवला. हात मिळवायला पुढे करतो तसा त्यावर पंजा उभा राहतो, त्यामुळे कोपरापासून मनगटापर्यंतचा पीळ सुटतो. ते झालंही. आठवडाभरात मनगट निवळलं आणि खांदा धरला.

दोष माऊसचा नव्हता. माझ्या कीबोर्डला उजवीकडे आकड्यांची आख्खी पट्टी होती आणि माऊस तिच्याही पलीकडे. म्हणजे दिवसभर हात बाहेर लांबवून काम चाललेलं. जुना माऊस चपटा होता, तो कसाबसा खपून गेला. नवा उंच, त्यामुळे खांदा उचललेलाच राहायला लागला. शेवटी आकड्यांशिवायचा छोटा कीबोर्ड घेतला. माऊस चार-पाच बोटं आत सरकला, आणि खांद्याची तक्रार हळूहळू गेली.

तेव्हापासून कुणी 'कोणता माऊस घेऊ?' म्हणून विचारलं, की मी आधी विचारते, दुखतं नेमकं कुठे?

जागा न ओळखता केलेली खरेदी

'मनगट दुखतं' या दोन शब्दांत चार वेगळी दुखणी लपलेली असतात. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अर्धी अनामिका इथे मुंग्या येत असतील, विशेषतः रात्री, तर संशय मीडियन नर्व्हवर, म्हणजे हातातून बोटांकडे जाणाऱ्या मधल्या नसेवर. मनगटाच्या तळहाताकडच्या बाजूला हाडं आणि एक जाड पट्टा यांच्यामध्ये अरुंद बोगदा असतो. बोटं वाकवणाऱ्या नऊ कंडरा (स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या दोऱ्या) आणि ही नस, सगळी वाहतूक त्यातूनच. मनगट मागे किंवा पुढे वाकलं की आतला दाब वाढतो.

करंगळी आणि तिच्याकडची अर्धी अनामिका बधिर होत असेल, तर मनगट सोडा, आधी कोपर बघा. ते टेबलाच्या कडेवर किंवा खुर्चीच्या कडक हातावर टेकलेलं असतं का? तसं असेल तर जगातला कुठलाही माऊस उपयोगाचा नाही. कोपराखालची कड काढा.

अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला कळ येत असेल, तर अंगठ्याच्या कंडरा त्यांच्या आवरणात घासत असण्याची शक्यता असते. फ्रिट्झ द कर्व्हें या स्विस शल्यविशारदाने १८९५ मध्ये हे दुखणं नोंदवलं, म्हणून ते त्याच्याच नावाने ओळखतात. आणि नेमकी हीच माणसं माऊसला कंटाळून अंगठ्याने फिरवायचा ट्रॅकबॉल घेतात, म्हणजे जागचा न हलवता नुसता गोळा फिरवायचा माऊस. आगीतून फुफाट्यात! ट्रॅकबॉलच हवा असेल तर बोटांनी फिरवायचा, मधोमध गोळा असलेला बघा.

राहिला हाताचा वरचा भाग, कोपराच्या बाहेरच्या बाजूला. तिथे दुखत असेल तर क्लिक करत नसतानाही बोटं माऊसच्या बटणांवर अधांतरी धरली जातात का, ते पाहा. बहुतेकांना हे आपण करतो याचा पत्ताच नसतो.

कीबोर्डचे मागचे पाय

कीबोर्ड आणला की आपण सवयीने मागचे दोन पाय उघडतो. मागची बाजू उंच झाली, की मनगट मागे वाकतं. पाय मिटून टाका. खात्री करायची असेल तर टाइप करायच्या स्थितीत हात ठेवा आणि कुणाला तरी पंजाच्या मागच्या बाजूवरून कोपराच्या दिशेने एक फूटपट्टी ठेवायला सांगा. मनगटाच्या वर फट दिसली, तर मनगट मागे मोडलेलं आहे. पाय मिटूनही फट राहिली तर टेबल-खुर्चीची उंची तुम्हाला जुळत नसेल. टेबल उंच पडत असेल तर खुर्ची वर घ्या, आणि पाय लोंबकळायला लागले तर खाली पाट, खोकं, जे असेल ते ठेवा.

मऊ पट्टीवर मनगट रोवून टाइप करणं

जेलची पट्टी ही दोन परिच्छेदांच्या मधल्या विसाव्यासाठी असते, आणि तीही तळहाताच्या मागच्या गादीखाली. टाइप करताना तिच्यावर मनगट दाबून ठेवलं, की दाब बरोबर त्या बोगद्यावर येतो. शिवाय मनगट एका जागी खिळलं, की लांबच्या बटणांसाठी ते वायपरसारखं डावी-उजवीकडे फिरतं. टाइप करताना हात तरंगता हवा, सगळा पंजा कोपरातून सरकायला हवा. माऊस पॅडच्या फुगवट्याचंही तेच. मी तर पॅड फिरवून, फुगवटा पलीकडे करून वापरते. दिसायला विचित्र, पण हात आपोआप सुटतो.

स्प्लिट कीबोर्ड घेऊन एकदम सगळं बदलणं

साध्या कीबोर्डवर दोन्ही हात मध्ये येतात आणि मनगटं करंगळीच्या दिशेने मुडपतात. दोन तुकड्यांचा कीबोर्ड ती मुडप काढतो, पण तुकडे एकमेकांना चिकटवून ठेवले तर पैसे फुकट. साधारण खांद्यांच्या रुंदीएवढं अंतर ठेवा. मधली बाजू तंबूसारखी उचलायची सोय असेल तर पहिल्याच दिवशी पूर्ण चढवू नका. उंची वाढते आणि खांदे वर जातात.

हात बसेपर्यंत काही आठवडे वेग पडतो. चुका वाढल्या की माणूस चिडून बटणं बडवतो, आणि दुखणं वाढलं की कीबोर्डला बोल लावतो. काम तुंबलेल्या आठवड्यात हा प्रयोग नको. रोज अर्धा-एक तास नवा, बाकी वेळ जुना. त्याच वेळी माऊस आणि खुर्चीही बदललीत, तर कशाने फरक पडला हे कधीच कळणार नाही.

फुकटात होणाऱ्या दुरुस्त्या

पॉइंटर फार संथ असेल तर माऊस वारंवार उचलून ठेवावा लागतो. फार चपळ असेल तर नेम धरायला बोटं आवळली जातात. मधला वेग शोधा. करंगळी दुखत असेल तर विंडोजमध्ये शिफ्ट सलग पाच वेळा दाबा; स्टिकी कीजची विचारणा येते. ती चालू केली की कंट्रोल दाबून धरावं लागत नाही. माऊस डाव्या हातात घेणार असाल तर आलटून-पालटून घ्या, नाहीतर काही दिवसांनी डावाही रांगेत उभा राहतो.

मनगटाचा पट्टा बांधून टाइप करू नका. मनगट पट्ट्याशी झगडतं आणि कोपर-खांदा त्याची भरपाई करत बसतात. झोपेत आपण मनगट मुडपून ठेवतो, म्हणून तो रात्री उपयोगी पडतो, तोही डॉक्टरांना विचारून.

उपकरणांच्या पलीकडचं

रात्री हात बधिर होऊन जाग येते, हात झटकावा लागतो, कप हातातून निसटतो, शर्टाची बटणं लावताना बोटं ऐकत नाहीत, अंगठ्याखालचा उंचवटा सपाट दिसायला लागलाय; यातलं काहीही असेल तर नवीन काही मागवायच्या आधी डॉक्टरकडे जा. मधुमेह, थायरॉइड आणि गरोदरपणातही अशी बधिरता येते, ती कीबोर्ड बदलून जायची नाही. जाताना एक करा: कागदावर पंजा ठेवून पेन्सिलीने त्याचा आकार काढा, बधिर होणारा भाग रंगवा, शेजारी किती वाजता होतं ते लिहा आणि तो कागद डॉक्टरांच्या पुढे ठेवा.