दोन तारे, तीन तारे आणि मधला सॅल्यूट

एसएसबी, म्हणजे सैन्यात अधिकारी व्हायची निवड चाचणी, पास झालेल्या मुलांचे अधूनमधून फोन येतात. मेडिकलचं विचारतात, पगाराचं विचारतात, अकादमीत बूट कुठले न्यायचे ते विचारतात. सॅल्यूटबद्दल कोणीच विचारत नाही, आणि पलटणीत गेल्यावर पहिल्या महिन्यात सगळ्यात जास्त बोलणी त्याच्यावरूनच खातात. मीही खाल्ली.

चेन्नईच्या ओटीएमध्ये, म्हणजे अधिकारी घडवणाऱ्या अकादमीत, हा प्रश्न कधी पडला नव्हता. तिथल्या ४९ आठवड्यांत आमच्याहून खाली कोणी नव्हतंच. ड्रिलचे उस्ताद म्हणायचे, जो दिसेल त्याला सॅल्यूट ठोका, दिव्याचा खांब दिसला तर त्यालाही. हात कसा उचलायचा हे तिथे इतकं घोटून घेतात की झोपेतसुद्धा चुकत नाही. उजवा हात लांबच्या वाटेने वर, बोटं जुळलेली, तळवा पूर्ण समोर, आणि खाली येताना सगळ्यात जवळच्या वाटेने. चूक होते ती कोणाला आणि कधी, यात. कर्नलसमोर ती होत नाही, तिथे टाचा आपोआप जुळतात. ती होते कॅप्टनसमोर.

याला एक कारण आहे. जुन्या काळी अधिकारी सेकंड लेफ्टनंट म्हणून, खांद्यावर एक तारा घेऊन पलटणीत यायचा. डिसेंबर २००४ पासून ती पायरी गेली. आता थेट दोन तारे लावून लेफ्टनंट, २ वर्षांनी तिसरा तारा लागून कॅप्टन, नोकरीची एकूण ६ वर्षं झाली की मेजर. म्हणजे तुमच्यात आणि तुमच्या पहिल्या कॅप्टनमध्ये कधी दोन वर्षांचं अंतर असतं, कधी सहा महिन्यांचं. तो तुमच्याच बाथरूममध्ये दाढी करतो, रात्री तुमच्या खोलीत मॅगी खातो, तुमचा चार्जर घेऊन जातो. आणि सकाळी तोच बेरेट घालून रस्त्यावर समोरून येतो. काय करायचं?

मी सप्टेंबर २०११ मध्ये पासआउट झालो आणि उत्तरेतल्या एका छावणीत जाऊन पोचलो. तिसऱ्या दिवशी ऑफिसच्या व्हरांड्यात एक कॅप्टन दिसले. मी असा कडक सॅल्यूट ठोकला की बाहेर बसलेला रनर उठून उभा राहिला. कॅप्टनसाहेबांनी माझ्या डोक्याकडे पाहिलं. टोपी आत टेबलावर राहिली होती. आपल्या सैन्यात उघड्या डोक्याने सॅल्यूट होत नाही. सावधान व्हायचं, मान ताठ, ‘गुड मॉर्निंग सर’ किंवा ‘जय हिंद सर’ म्हणायचं, बस. याला आमच्याकडे ‘विश करणं’ म्हणतात आणि हा शब्द तुम्ही दिवसातून वीसदा ऐकाल. सिनेमात हिरो उघड्या डोक्याने सॅल्यूट करतो ते पाहून आलेल्यांनी ते तिथेच सोडून यावं. हातात सामान असेल तेव्हाही हात उचलायची कसरत करू नका. मान त्यांच्याकडे वळवा आणि विश करा.

दुसरी चूक त्याच आठवड्यातली. मी आणि तेच कॅप्टन लंगरकडे चाललो होतो. समोरून एका जवानाने सॅल्यूट केला. आम्ही दोघांनीही उत्तर दिलं, माझा हात तर त्यांच्या आधी वर गेला. ते चालता चालता हळूच म्हणाले, “सॅल्यूट तुझे किया था क्या?” दोन-तीन अधिकारी बरोबर असले तर सॅल्यूटचं उत्तर त्यांच्यातला सीनियर देतो. बाकीच्यांनी नीट चालत राहायचं. दोघंही लेफ्टनंट असाल तरी दोघांपैकी एक सीनियर असतोच आणि तो कोण हे दोघांनाही माहीत असलं पाहिजे.

ते ठरतं कसं? रँक सारखी असेल तर कमिशनच्या, म्हणजे अधिकारी म्हणून नेमणुकीच्या, तारखेवरून. तारीखही एकच, म्हणजे एकाच कोर्सचे असाल, तर अकादमीतल्या गुणवत्ता यादीवरून. कोर्समेट मात्र आपसात असलं काही करत नाहीत. तिथे सॅल्यूट केलात तर तो थट्टा समजला जातो आणि बहुतेक वेळा असतोही.

आता खरा गुंता. लेफ्टनंटने कॅप्टनला प्रत्येक वेळी सॅल्यूट करायचा का? मी दोन पलटणी आणि एक लांबलचक कोर्स पाहिला, तिन्हीकडे रीत वेगळी होती. एके ठिकाणी मेजरच्या खालचे सगळे आपसात फक्त विश करायचे, सॅल्यूट परेडवर आणि ऑफिसच्या कामापुरता. दुसरीकडे टोपी डोक्यावर असली की दिवसाच्या पहिल्या भेटीला सॅल्यूट हवाच, नंतर दिवसभर नुसतं ‘सर’. म्हणून पोचल्या संध्याकाळीच सीनियर सबाल्टर्नला, म्हणजे तरुण अधिकाऱ्यांतल्या सगळ्यात सीनियरला, विचारून घ्या. तुमच्यासारख्या कोवळ्या अधिकाऱ्यांना वळण लावणं हे त्याचंच काम असतं. विचारल्याने कोणी हसत नाही. न विचारता अंदाज बांधला की मात्र मेसमध्ये आठवडाभर तोच विषय चघळला जातो.

दोन बाबतींत मात्र विचारायचीही गरज नाही. एक, जवान बघत असतील तर सॅल्यूट करा. खोलीतली दोस्ती खोलीत. दोन, अ‍ॅडज्युटंट. तो कॅप्टन असो की मेजर, काल रात्री तुमच्याबरोबर कॅरम खेळलेला असो, तो सीओ साहेबांच्या, म्हणजे पलटणीच्या प्रमुखांच्या, वतीने बोलतो. त्याच्या ऑफिसात शिरताना टोपी, सॅल्यूट आणि परवानगी, याच क्रमाने. मेसमध्ये सॅल्यूट नसतो. तिथे सीनियर आत आले की उठून उभं राहायचं आणि विश करायचं.

जेसीओंबद्दल, म्हणजे जवानातून बढती घेत वर आलेल्या सुभेदार वगैरेंबद्दल, घरचे नेहमी विचारतात, म्हणून दोन ओळी. पंचवीस-सव्वीस वर्षं नोकरी झालेले सुभेदार मेजर तुम्हाला आधी सॅल्यूट करतील. लाजू नका, लगेच आणि पूर्ण हात उचलून उत्तर द्या, ‘राम राम साहेब’ म्हणा. नावाने हाक कधीच नाही.

डॉक्टरांचं प्रकरण वेगळंच. मेडिकल कोअरमध्ये शॉर्ट सर्व्हिसमधून आलेला डॉक्टर थेट कॅप्टन होऊन येतो. आमच्या पलटणीला अशा डॉक्टर मॅडम आल्या तेव्हा मला लेफ्टनंट होऊन दीड वर्ष झालं होतं आणि त्यांना वर्दी घालून जेमतेम तीन महिने. ड्रिल त्यांना माझ्याइतकं येत नव्हतं, टोपी थोडी तिरकी असायची. पण तारे तीन. मी पहिल्या दिवशी नुसती मान हलवून पुढे गेलो. त्यांना काही वाटलं नाही. सीनियर सबाल्टर्नला वाटलं. संध्याकाळी मला टोपी घालून एमआय रूमच्या, म्हणजे पलटणीच्या दवाखान्याच्या, दारात उभं केलं, “मॅम, गुड इव्हनिंग” आणि सॅल्यूट, दहा वेळा. पाचव्यांदा मॅडमच हसून म्हणाल्या, आता पुरे, पेशंट घाबरतायत.

नौदलाशी गाठ पडली तर तारे-पट्ट्या मोजत बसू नका. सुट्टीवर जाताना मुंबईत कुलाब्याला मला नौदलाचा एक लेफ्टनंट भेटला. माझ्या खांद्यावर दोन तारे, त्याच्या खांद्यावर दोन पट्ट्या, हुद्द्याचं नावही तेच. मी बरोबरीचा समजून हात पुढे केला. पण नौदलाचा लेफ्टनंट म्हणजे आपला कॅप्टन, आणि माझ्या बरोबरीचा तो एक पट्टीवाला सब-लेफ्टनंट. हवाई दलातही तसंच, दोन पट्ट्यांचा फ्लाइट लेफ्टनंट आपल्या कॅप्टनच्या जागी. नौदलाचा कॅप्टन तर आपल्या कर्नलच्या बरोबरीचा, तिथे गफलत महागात पडते. त्यांचे सॅल्यूटही वेगळे. नौदलात तळवा खाली जमिनीकडे, हवाई दलात २००६ पासून ४५ अंशांत तिरका. तुम्ही मात्र आपलाच करायचा, त्यांचं बघून हात वळवायचा नाही.

आणि सीनियर झाल्यावरही एक काम असतंच, ते म्हणजे उत्तर देणं. एका ठिकाणी एक साहेब होते, कानाला फोन लावून हनुवटीनेच उत्तर द्यायचे. आम्ही दोघं-तिघं लेफ्टनंट त्यांना लांबून पाहिलं की वाट बदलायचो. त्यांना शिस्तीबद्दल फार तक्रारी होत्या.

माझ्या शेजारच्या खोलीत आयएमएचा, म्हणजे देहरादूनच्या अकादमीचा, एक जण राहायचा. तो जून २०११ चा, मी सप्टेंबरचा. दोन वर्षं आम्ही एकच बुलेट अर्धी अर्धी चालवली. जून २०१३ मध्ये त्याला तिसरा तारा लागला. दुसऱ्या दिवशी क्वार्टर गार्डसमोर, म्हणजे पलटणीच्या पहाऱ्याच्या चौकीसमोर, सगळ्या गार्डच्या देखत मी त्याला सॅल्यूट ठोकला. त्याने तितकाच कडक परत केला, चेहऱ्यावरची माशीही हलली नाही. रात्री खोलीत आल्यावर त्याने उशी फेकून मारली. तीन महिने असंच चाललं. सप्टेंबरमध्ये माझ्याही खांद्यावर तिसरा तारा आला. एका बाजूला सीओ साहेबांनी लावला, दुसऱ्या बाजूला टूआयसींनी, म्हणजे पलटणीतल्या दुसऱ्या क्रमांकाच्या अधिकाऱ्यांनी. दुसऱ्या सकाळी पीटीनंतर वर्दी चढवून निघालो, तो समोरून आला. मी म्हटलं, आता झालो बरोबरीचे, आणि नुसता हात हलवला. तो थांबला, घड्याळात बघितल्यासारखं केलं आणि म्हणाला, “कॅप्टन साहब, कॅलेंडर में जून पहले आता है या सितंबर?”

मी टोपी सारखी केली आणि टाच जुळवली.