काळी एक, ए तार, चौथा फ्रेट

बास गिटार शिकायचं मनात असेल तर पहिली खरेदी बासची करू नका. आधी वायरवाले बरे इअरफोन घ्या आणि पाठ असलेली गाणी पुन्हा ऐका. बासची सगळ्यात जाड तार, म्हणजे ई, मोकळी वाजली की सेकंदाला साधारण ४१ कंपनं होतात. त्यावरची ए ५५, डी ७३ आणि सगळ्यात बारीक जी ९८. मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरला एवढं खालचं बाहेर काढणं जमतच नाही. म्हणून गाणं वर्षानुवर्षं ऐकूनही त्यात बास काय करतोय, हे आपल्याला माहीत नसतं. माझं वाजवणं मोबाइलवर रेकॉर्ड करून ढोलकीवाल्या आबांना ऐकवलं, तेव्हा ते म्हणाले होते, "काय वाजाडी ऱ्हायना भो? काहीच ऐकू ई नही ऱ्हायनं." त्यांचं बरोबर होतं. ब्लूटूथवाले इअरफोन ऐकायला चालतील, सरावाला नाहीत. बोट तारेवर पडतं आणि आवाज किंचित उशिरा कानात येतो, त्यामुळे लय हातात राहत नाही.

मी अमळनेरचा. पोट औषधांच्या दुकानावर, बास निव्वळ हौस. शटर ओढल्यावर जो वेळ मिळेल तो. जळगाव-धुळ्याला गिटारचे क्लास आहेत, पण तिथे बहुतेक सहा तारांची गिटार शिकवतात. बाससाठी मला उपयोगी पडले ते इंटरनेटवरचे व्हिडिओ, ॲलन कीचा (षट्कोनी चाव्यांचा) एक सेट आणि भजनी मंडळातले हे आबा. तिन्हींत आबा सगळ्यात जास्त. खान्देशात राहून बास शिकायचा तर महागड्या वाद्यापेक्षा चांगला ढोलकीवाला गाठा, हे माझं मत आहे. ते का, हे खाली येईलच.

आता खरेदी. आपल्याकडच्या वाद्यांच्या दुकानात पेटी, ढोलकी, कीबोर्ड, ऑक्टोपॅड भरपूर. बास भिंतीवर टांगलेला क्वचितच दिसतो. म्हणजे ऑनलाइन मागवा, नाहीतर मुंबई-पुणे किंवा ताप्ती लाइनने सुरत गाठा. नवीन बरा बास पंधरा-वीस हजारांच्या खाली मिळणं अवघड आहे. यामाहा, आयबानेझ, कॉर्ट, स्क्वायर यांचे सुरुवातीचे मॉडेल या कामाला पुरतात, त्यात फार डोकं लावू नका. जुना घेत असाल तर मात्र प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट (मानेवरची धातूची आडवी सळई) दाबून बघा, कुठे झणझणतो का. हेडकडून पुलाकडे, म्हणजे तारांच्या खुंट्यांकडून खालच्या ब्रिजकडे, एक डोळा मिटून मान बघा. सरळ बाक दुरुस्त होतो. मान पिळलेली असेल तर फुकट दिला तरी नको.

चार तारांचाच घ्या. पाच तारांच्या बासची खालची बी तार सेकंदाला ३१ कंपनांची. घरगुती १५-२० वॉटच्या अँपमधून (ॲम्प्लिफायरमधून) ती निघत नाही, नुसती स्पीकरची जाळी थरथरते. हात लहान असेल तर ३० इंच स्केलचा, म्हणजे मोकळ्या तारेची लांबी तेवढी असलेला, शॉर्ट स्केल बघा. नेहमीचा ३४ इंचाचा असतो आणि पहिल्या चार फ्रेट्सवर बोटं चांगलीच ताणतो. लिओ फेंडरने १९५१ मध्ये प्रिसिजन बास काढला, तेव्हा त्या नावात मुद्दा होता तो फ्रेट्सचा. उभ्या डबल बासवर सूर अंदाजाने शोधावा लागायचा, इथे फ्रेटमागे बोट ठेवलं की सूर नेमका. पण हा नेमकेपणा फ्रेटवर मिळतो तो सेटअप, म्हणजे मानेची आणि तारांची जुळवणी, बरोबर असेल तरच.

सेटअपसाठी आपल्याकडे माणूस सहज मिळत नाही, म्हणून ते स्वतः शिकून घ्या. ई तार पहिल्या फ्रेटवर आणि मानेच्या शेवटच्या फ्रेटवर एकदम दाबा. मधे, सातव्या-आठव्या फ्रेटवर तारेखाली व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी फट हवी. फट जास्त असेल तर ट्रस रॉड (मानेच्या आतली लोखंडी सळई) घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, फट नसेलच तर उलट. एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही, आणि मग वाद्य रात्रभर तसंच ठेवायचं. रॉड फिरत नसेल तर जोर करायचा नाही. त्यानंतर पुलावरच्या सॅडलने तारेची उंची लावा. शेवटी इंटोनेशन: बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता, बोट नुसतं टेकवून काढलेला सूर) आणि तिथेच दाबून वाजवलेला सूर ट्यूनरवर एकच दिसायला हवा. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल मागे सरकवा. मोबाइलच्या ट्यूनर ॲपला मोकळी ई तार नीट कळत नाही, काटा भरकटतो. तीच तार बाराव्या फ्रेटच्या हार्मोनिकवर वाजवली की पटकन पकडतो. क्लिपवाला ट्यूनर असेल तर ही भानगडच नको.

हे सगळं एकदा लावून भागत नाही, कारण आपली हवा. मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो, लाकूड आकसतं आणि फ्रेट्सची टोकं मानेच्या कडेला बाहेर येऊन बोटाला लागतात. आषाढात तेच लाकूड ओल पितं आणि मानेचा बाक बदलतो. त्यात आपला कूलर! पत्र्याचा मोठा कूलर खिडकीत गरगरत असतो आणि हौशी कलाकार बरोबर त्याच्या झोतात स्टँड लावतो, कारण तिथेच गार वाटतं. लाकडाला दुपारी कोरडी भट्टी आणि रात्री ओला वारा, असा दुहेरी मार बसतो. बास कूलरच्या खोलीत ठेवू नका. आतल्या खोलीत, बंद बॅगेत ठेवा. उन्हात उभ्या गाडीत तर अजिबात नाही. वाजवून झालं की तारा सुती फडक्याने वरून आणि खालूनही पुसा. घामाने तारा गंजतात आणि बासच्या तारांचा सेट काही स्वस्त नसतो.

वीज हा आणखी एक विषय. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० कंपनांची. ई तारेचा तिसरा फ्रेट म्हणजे जी, ४९ हर्ट्झ. म्हणजे अँपची घरघर जवळजवळ पांढरी पाचचा (पेटीवरच्या जी पट्टीचा) षड्ज लावून बसलेली असते, किंचित चढा. तार बोटाने धरली की घरघर कमी होत असेल तर बास ठीक आहे. जॅझ बासच्या धर्तीचे दोन सिंगल कॉइल पिकअप (तारांचं कंपन पकडणारी, एकाच वेटोळ्याची चुंबकं) असतील तर दोन्हींचे व्हॉल्यूम सारखे ठेवा, घरघर बरीचशी मरते. तरीही राहिली तर वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या. जुन्या घरांत तीन पिनांचं सॉकेट असतं, पण तिसऱ्या भोकामागे कुठलीच वायर नसते. त्यात माइकही लावला आणि ओठ माइकला टेकले, तर झटका बसू शकतो. कुणी अँपची अर्थची पिन कापायचा सल्ला दिला तर त्याचा चहा पाजून निरोप घ्या. लाइट गेल्यावर साध्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर अँप लावला की वेगळाच किरकिराट येतो. त्यासाठी बॅटरीवर चालणारा छोटा हेडफोन अँप जवळ ठेवावा. रात्री शेजारीही खूश राहतात.

हातांबद्दल थोडक्यात. उजव्या हाताची तर्जनी आणि मध्यमा आळीपाळीने, हे सगळे सांगतात. बासवादक जेम्स जेमर्सनने अमेरिकेतल्या मोटाउन कंपनीच्या रेकॉर्डिंगमध्ये एका तर्जनीवर सगळं काम केलं, त्यामुळे त्याचा धर्म करू नका, पण सवय आळीपाळीचीच लावा. डाव्या हाताने खालच्या फ्रेट्सवर चार फ्रेटला चार बोटं असा हट्ट नको. डबल बासवाले तर्जनी, मध्यमा आणि करंगळी एवढ्यावर तीन फ्रेट घेतात, अनामिका करंगळीला आधार देते. मनगटाला ते सोसतं. बास चार किलोच्या आसपास असतो, पट्टा रुंद घ्या. दुकानात रोज माणसं बघतो म्हणून सांगतो, मनगट दुखायला लागलं तर बाम चोळून वाजवत राहू नका. थांबा.

आता मुख्य मुद्दा, जो व्हिडिओत सापडत नाही. व्हिडिओतली सगळी शिकवणी ई, ए, जी अशा मोकळ्या तारांच्या सोयीच्या स्केलमध्ये असते. आपल्याकडे गाणारा माणूस स्केल सांगतो ती पेटीच्या पट्टीवर. पुरुष असेल तर बहुतेक काळी एक किंवा काळी दोन, बाई असेल तर काळी चार किंवा काळी पाच. काळी एकला तो सी शार्प म्हणणार नाही, आणि तुम्ही मनातल्या मनात भाषांतर करेपर्यंत मुखडा संपलेला असतो. म्हणून हे थेट फ्रेटवर पाठ करा. काळी एक म्हणजे ए तारेचा चौथा फ्रेट, काळी दोन सहावा. काळी तीन म्हणजे ई तारेचा दुसरा, काळी चार चौथा, काळी पाच सहावा. पांढरी एक ए तारेवर तिसरा, पांढरी दोन पाचवा, पांढरी चार ई तारेवर पहिला आणि पांढरी पाच तिसरा.

या काळ्या पट्ट्यांत मोकळी तार फारशी कामाला येत नाही, आणि हे बरंच आहे. मोकळी तार नसली की सगळं एकाच साच्यात बसतं आणि साचा हवा तिथे सरकवता येतो. सा जिथे आहे, त्याच फ्रेटवर वरच्या, म्हणजे बारीक तारेला म. तिथून दोन फ्रेट पुढे प. प ज्या फ्रेटवर, त्याच फ्रेटवर आणखी वरच्या तारेला तार सा. आणि सा ए तारेवर असेल तर त्याच फ्रेटवर खाली ई तारेला मंद्र पंचम. काळी एकमध्ये सांगायचं तर ए तारेच्या चौथ्यावर सा, डीच्या चौथ्यावर म, सहाव्यावर प, जीच्या सहाव्यावर तार सा, ईच्या चौथ्यावर मंद्र प. एवढ्या पाच जागांवर भजनं, अहिराणी गाणी, ऑर्केस्ट्रातली निम्मी गाणी निभावतात. ग आणि नि नंतर, कानाला मागणी होईल तेव्हा.

तानपुरा ॲपवर काळी एक लावून हाच साचा रोज वाजवा. मंडळाची पेटी जुनी असेल तर मात्र ट्यूनर बाजूला ठेवा. जुन्या पेट्यांचा ए ट्यूनरच्या ४४० हर्ट्झवर असेलच असं नाही. पेटीवाल्याला सा धरायला सांगा आणि चारही तारा त्याच्या सुराला मिळवून घ्या. ट्यूनरवर हिरवा दिवा दिसतोय म्हणून भांडणाऱ्या बासवाल्याला दुसऱ्यांदा कुणी बोलावत नाही.

लय. मेट्रोनोमने हात सरळ होतो, पण इथे वाजवायचं तर ठेका अंगात हवा. केहरवा घ्या: धा गे न ति, न क धि न. आबांनी मला पहिल्यांदा बास खाली ठेवायला लावला आणि नुसतं ढोलकीच्या धुमाकडे, म्हणजे खर्जाच्या बाजूकडे, लक्ष द्यायला सांगितलं. घुमारा येतो तो 'धा गे'वर आणि मग सातव्या मात्रेच्या 'धि'वर. मधल्या 'न ति न क'वर खाली काहीच नसतं. बासची जागा तीच. पहिल्या मात्रेवर सा, तो दुसरीपर्यंत धरायचा आणि तिसरीच्या आत बोट ढिलं करून तोडायचा. मग गप्प. सातव्यावर मंद्र प आणि परत समेवर सा. एवढंच, पण तो सा तोडायची जागा सांभाळणं भलतं कठीण. सूर लांबला तर ढोलकीचा धुमा चिखलात गेल्यासारखा वाटतो, आणि आबा डोळे वटारतात. उजव्या हाताचा अंगठा खालच्या न वाजणाऱ्या तारेवर टेकवा, नाहीतर ती आपोआप घुमत राहते. नंतर मधल्या रिकाम्या मात्रांत काहीतरी भरावंसं फार वाटेल. निदान पहिलं वर्षभर भरू नका. दादऱ्याच्या सहा मात्रांतही हाच अभ्यास: ढोलकी कुठे घुमते ते आधी ऐकायचं, मग बोट लावायचं.

ऐकायला इंडियन ओशन या बँडचे बासवादक राहुल राम ऐका. नर्मदा बचाओ आंदोलनात काम केलेला माणूस, म्हणजे आपल्या सातपुड्याच्या पलीकडचाच विषय. आणि तबल्याबरोबर बास कसा बसतो हे त्यांच्याकडून कळतं. हिंदी सिनेमातल्या जुन्या वादकांत टोनी वाझ आणि चरणजित सिंग ही नावं शोधा. ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या रॉक अँड पॉप परीक्षांमध्ये बास हा विषय आहे, पण हौसेसाठी त्याची गरज नाही. शिस्त लागत नसेल तर द्या.

गणपती-नवरात्रात स्टेजवर जायची वेळ येईल. पॅसिव्ह (बॅटरी नसलेला) बास लांब केबलने थेट मिक्सरच्या लाइनमध्ये घातला की आवाज बसका आणि मिळमिळीत होतो; एक डीआय बॉक्स, म्हणजे बासचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणारी डबी, स्वतःचा ठेवा. त्यावर ग्राउंड लिफ्टचं बटण असतं (ते सिग्नलच्या केबलची अर्थ तोडतं, विजेची नाही), घरघर आली तर ते दाबून बघा. खरी अडचण मात्र कीबोर्डवाल्याची. आपल्याकडच्या बँडमध्ये बास कायम त्याच्याच डाव्या हातात असतो, तुम्ही मधे आलेले पाहुणे. दोघंही खाली वाजवायला लागले की नुसता गदारोळ. स्टेजवर चढण्याआधीच जवळ जाऊन, "दादा, डावा हात जरा वरच्या सप्तकात ठेवाल का?" असं विचारा. बहुतेक जण ठेवतात, वर एखाद्या गाण्यात खुणावून पुढेही करतात. नाही म्हणाले तर त्या रात्रीपुरता व्हॉल्यूम कमी करा आणि त्यांचा डावा हात बघत बसा. तोही क्लासच आहे, फी न घेणारा.