प्रिंटर बोर्डवरून बंद केला की हेड सुकतं

तहसील कचेरीसमोर माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. मे महिन्यात पंधरा दिवस कुलूप लावून माहेरी गेले. गाडीची घाई, त्यात शेवटची प्रिंट निघते न निघते तोच पुतण्याने भिंतीवरचा स्विच खाली केला. परत आले तर पहिलंच गिऱ्हाईक सातबाऱ्याचं. कागद बाहेर आला तो नुसत्या पांढऱ्या रेघांचा, गट नंबर अर्धा गायब. दुरुस्तीवाला म्हणाला, हेड (कागदावर शाई सोडणारा भाग) गेलं. खर्च सांगितला तो जवळजवळ नव्या प्रिंटरइतका.

हेड गेलं नव्हतं, सुकलं होतं. प्रिंटर त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद केला की हेड कडेला जाऊन रबरी टोपीवर बसतं. मधेच वीज तोडली तर ते उघडंच राहतं आणि केसाहून बारीक छिद्रांत शाई वाळते. लाइट गेली तरी तेच. म्हणून लाइट आली की प्रिंटर चालू करायचा, हेड जागेवर जाऊ द्यायचं आणि मग बटणाने बंद करायचा.

आता साफ कसं करायचं ते. आधी टाकीत शाई आहे ना ते बघा (हसू नका, माझ्याकडे हेही झालंय). मग प्रिंटरच्या मेंटेनन्स मेनूमधून नोझल चेकची (नोझल म्हणजे हेडची ती छिद्रं) प्रिंट काढा. कुठल्या रंगाची जाळी तुटलीय ते त्यात दिसतं. त्यानंतर हेड क्लिनिंग दोनदा, फार तर तीनदा. दर वेळी नोझल चेक. लोक इथेच चुकतात, दहा-दहा वेळा बटण दाबतात. प्रत्येक क्लिनिंगची शाई आत वेस्ट पॅडमध्ये, म्हणजे वाया शाई शोषणाऱ्या पॅडमध्ये जाते, तो भरला की प्रिंटर वेगळंच रडगाणं सुरू करतो. तीनदा करून फरक नाही पडला तर रात्रभर तसाच ठेवा. सकाळी पुन्हा एकदा. बऱ्याचदा तेवढ्यावर सुटतं.

माझं सुटलं नाही. मग पाण्याचा उपाय. पाणी डिस्टिल्डच हवं. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं पाणी मिळतं ना, ते. बाटलीवरचं नाव वाचून घ्या, शेजारीच ॲसिडची बाटली असते. बोअरचं पाणी अजिबात नको, आमच्याकडे त्याने बादलीला पांढरा थर चढतो, नोझलचं काय होईल!

किचन टिश्यूची दोन बोटं रुंद घडी कोमट डिस्टिल्ड पाण्यात भिजवून पिळा. ओली हवी, ठिबकणारी नको. प्रिंट चालू करून हेड मध्यावर आलं की प्लग काढा. आता हेड हाताने सरकतं. हळूच बाजूला करा, त्याच्या वाटेवर घडी ठेवा आणि हेड तिच्यावर आणा. अडकलं तर रेटू नका, घडीचा एक पदर कमी करा. मागच्या पारदर्शक पट्टीला बोट लावू नका, हेड कुठे आहे हे प्रिंटर तिच्यावरूनच ओळखतो. रबरी टोपीतही त्याच पाण्याचे तीन-चार थेंब सोडा, तिथेही शाईची खरवड धरलेली असते.

मी रात्रभर ठेवलं. सकाळी घडीवर निळा, गुलाबी, पिवळा डाग ठळक उमटला होता, काळा मात्र पुसटच. म्हणून नवी घडी करून आणखी तीन तास. प्लग लावण्याआधी घडी आठवणीने काढा, नाहीतर पहिल्याच फेरीत ती आत गुंडाळली जाईल. मग एक क्लिनिंग, एक नोझल चेक. काळ्याच्या दोन रेघा तरीही तुटक होत्या, त्या दहा-बारा पानं काढल्यावर भरल्या.

हे झालं हेड प्रिंटरमध्येच असतं त्यांचं, एप्सनसारखं. एचपी-कॅननच्या साध्या कार्ट्रिजवाल्या प्रिंटरमध्ये बहुधा हेड कार्ट्रिजलाच असतं. तिथे काम सोपं. कार्ट्रिज काढून छिद्रांची बाजू ओल्या टिश्यूवर दोन-तीन मिनिटं टेकवा, टिपा, परत बसवा. तांब्याचे पॉइंट कोरडे ठेवा. इंजेक्शनने जोर लावून पाणी सोडायचं मात्र कुठल्याच हेडमध्ये करू नका.

आता दर सोमवारी दुकान उघडलं की चारही रंगांचे पट्टे असलेलं एक पान काढते. त्याच्याच पाठीवर दिवसभराचा हिशोब. आणि भिंतीवरच्या त्या स्विचवर चिकटपट्टी लावून टाकलीय.