खारबांध आत्ता बघा, उधाण आल्यावर नाही

भाताचं बियाणं कुठलं आणू असं विचारणारे फोन रोज येतात, खारबांध, म्हणजे खाडीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून घातलेला मातीचा बांध, बघून आलो असं सांगणारा मात्र एक भेटत नाही. दिवा, भिवंडी, कल्याण खाडीपासून खाली पनवेलपर्यंतचे सगळे खारवाले (खाडीकाठची खारी जमीन कसणारे), मे संपायच्या आत बांधावरून चक्कर मारा आणि तीही भरतीला, ओहोटीत गेलात तर काही दिसणार नाही.

बघायचं काय, तर खेकड्यांची भोकं. शेताच्या बाजूला बांधाच्या पायथ्याशी ऐन मे महिन्यात ओल दिसली की पाणी आरपार येतंय असं धरून चाला. बोट बुडवून जिभेला लावा, खारट लागलं की शंकाच नको. वरून ढेकूळ ठोकून भागत नाही, भोक उकरून आतपर्यंत चिकणमाती तुडवत भरायची. उघाडीची (बांधातून पाणी बाहेर सोडायची वाट) झडप पण बघा, एक प्लास्टिकची पिशवी अडकली तरी भरतीला नीट मिटत नाही आणि रात्रभर पाणी आत येत राहतं.

जून-जुलैत साडेचार मीटरच्या वरच्या भरत्या येतात, त्यात वरून पाऊस, मग त्याच भोकाची खांड होते, म्हणजे बांधच फुटतो. खांड दोन-तीन वर्षं तशीच राहिली की शेतात तिवर (कांदळवन) उगवतं, आणि एकदा तिवर माजलं की हात लावता येत नाही. 2018 च्या हायकोर्टाच्या निकालाने राज्यभर कांदळवन तोडायला बंदी आहे, सातबारा तुमच्या नावावर असला तरी. जमीन कागदावर तुमची, भात नाही. हे होताना बघितलंय म्हणून इतकं डोकं खातोय.

आणि बांधाबाहेरचं तिवर तोडू नका हो, लाट पहिली तेच झेलतं. ठाणे खाडी 2015 ला फ्लेमिंगो अभयारण्य झाली, 2022 ला रामसर यादीत (पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय कराराची यादी) आली, तेव्हापासून लोक घाबरलेत की आता आपल्याला हाकलणार. पण सांभाळून वापरा हेच त्या रामसर करारात आहे. 2017 पासून कांदळवनाच्या सरकारी योजनेत खेकडापालनाला अनुदान पण मिळतं, चौकशी करा.

बाकी नेहमीचं:
- बियाणं: पनवेल 1, 2 किंवा 3 (खाऱ्या जमिनीत तग धरणारे वाण)
- 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ, त्यात बियाणं टाका, तरंगेल ते फेका, उरलेलं धुवून सुकवा
- थायरम (बुरशीनाशक) 2.5 ग्रॅम प्रति किलो बियाण्याला चोळा
- रहू (मोड आलेलं बी चिखलात फेकणं) किंवा लावणी, मजूर मिळतील तसं

दुकानदार क्षार मारायला जिप्सम आणि कसल्या कसल्या बाटल्या गळ्यात मारेल, घेऊ नका. जिप्सम चोपण (सोडियम जास्त झालेल्या) जमिनीला, आपल्या खाऱ्या जमिनीतलं मीठ पावसानेच धुतलं जातं. माझा अंदाज असा की पहिले दोन-तीन दणके पाऊस शेतात साठवून उघाडीतून सोडून द्यावेत, मगच पेरावं.

डागडुजीला माती शेताच्या बाजूची घ्या, तिवरातली नको. बांध सरकारी खार योजनेतला असेल तर खारभूमीच्या ऑफिसात आत्ताच लेखी अर्ज टाका, भोकांचे फोटो जोडा आणि पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका.