प्रवासासाठी आटोपशीर पाइप निवडताना

प्रवासात न्यायचा तंबाखू ओढण्याचा पाइप खिशात मावला पाहिजे हे खरे. पण लांबी जितकी कमी, तितका धूर तोंडाशी गरम येतो, म्हणून 12 ते 13 सेंटिमीटरांपेक्षा आखूड पाइप घेताना वाटीच्या, म्हणजे तंबाखू भरायच्या भागाच्या, भिंतीची जाडी आधी पाहावी. पातळ भिंतीचा पाइप दिसायला कितीही देखणा असला, तरी तो चटकन तापतो आणि हातात धरवत नाही.

लाकडांत भूमध्य सागराकाठच्या ब्रायर झुडपाच्या मुळाची गाठ सर्वांत भरवशाची. मीरशॉम या मऊ पांढऱ्या खनिजाचा पाइप नाजूक असल्यामुळे तो घरीच बरा. सामानात हरवण्याची धास्ती असेल, तर अमेरिकेतील मिसूरी राज्यात 1869 पासून बनणारा मक्याच्या कणसाचा पाइप मी निःशंकपणे सुचवेन. तो हलका आणि स्वस्त असतो.

घेण्यापूर्वी मुखनळी (तोंडात धरायची नळी) न काढता पाइप क्लीनर, म्हणजे पाइप साफ करायची लवचीक तार, आत सारून पाहावा. तो न अडखळता वाटीच्या अगदी तळाशी निघाला, तर धुराचे छिद्र नीट पाडले आहे असे समजावे. छिद्र तळापेक्षा वर असेल, तर खाली ओला तंबाखू साचत राहतो. मुखनळी निघणारी असली, तरी पाइप पूर्ण निवल्याशिवाय ती काढू नये, कारण गरम असताना पिळल्यास सांधा तडकतो.

भारतातील विमानप्रवासात लायटर आणि काडेपेटी नेता येत नाही, तेव्हा ती मुक्कामी विकत घ्यावी.