टचपॅड मेलं नव्हतं, ड्रायव्हरची रांग चुकली होती

विंडोज 11 नव्याने टाकलं आणि लॅपटॉपचं टचपॅड ठप्प. नागपूरच्या सीताबर्डीतल्या दुकानदाराने न उघडताच निकाल दिला, "भाऊ, पॅडच बदलावं लागते." पण बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीचा सेटिंगचा पडदा) कर्सर बोटासरशी पळत होता, म्हणजे हार्डवेअर धडधाकट!

यूएसबी माउस लावून विंडोजमधली हार्डवेअरची यादी, म्हणजे डिव्हाइस मॅनेजर, उघडला (माउस नसेल तर विंडोज-एक्स, मग एम). ‘आय-टू-सी एचआयडी डिव्हाइस’वर, म्हणजे टचपॅडच्या नोंदीवर, पिवळा त्रिकोण, आत कोड 10: डिव्हाइस सुरूच होत नाही. टचपॅडचा ड्रायव्हर (विंडोजला हार्डवेअरशी बोलायला लावणारं सॉफ्टवेअर) पुन्हा टाकून ढिम्म फरक नाही. खरी मेख खाली ‘अदर डिव्हाइसेस’मध्ये होती: अनोळखी ‘पीसीआय डिव्हाइस’. प्रॉपर्टीज, डिटेल्स, हार्डवेअर आयडीज असं गेलो तर ‘व्हीईएन_8086’ दिसलं. 8086 हा इंटेलचा क्रमांक. टचपॅड ज्या आय-टू-सी बसवरून (लॅपटॉपच्या आतली माहितीची वाट) प्रोसेसरशी बोलतं, तिच्या कंट्रोलरलाच ड्रायव्हर नव्हता. मग वरचा ड्रायव्हर बोलणार कोणाशी?

लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून माझ्याच मॉडेलचे ड्रायव्हर घेतले. आधी चिपसेट, मग इंटेल सिरियल आय-ओ (त्याच कंट्रोलरचा ड्रायव्हर), रीस्टार्ट, शेवटी टचपॅड. ‘ड्रायव्हर अपडेटर’ नावाच्या फुकट्या सॉफ्टवेअरच्या वाटेला मी जात नाही, एकासोबत चार नको त्या गोष्टी येतात. दोन बोटांनी स्क्रोलही आता होतं.