तारखेचा नीचांक वाचा, पण हिवाळे मोजा: हिवाळ्यासाठी कृषी सल्ला

थंडी वाढली की शहराच्या जुन्या हवामान नोंदी सगळीकडे दिसू लागतात. आजच्या तारखेला सरासरी किमान तापमान किती, कमाल किती, आजवरचा नीचांक किती आणि कोणत्या सालचा, उच्चांक किती, पाऊस किती. नजर आधी नीचांकावरच जाते. आकडा भयंकर असला तर माणूस धास्तावतो, आणि शून्याच्या बराच वर असला तर निर्धास्त झोपतो. मला विचाराल तर पीक सांभाळणाऱ्यासाठी त्या पानावरचा सर्वांत कमी उपयोगाचा आकडा तोच. उपयोगाचे आकडे त्याच नोंदींत असतात, पण ते थोडे खोदून काढावे लागतात.

नीचांक म्हणजे शंभर-सव्वाशे वर्षांतली एक रात्र. ती नेमकी याच तारखेला यावी हा बराचसा योगायोग असतो. फेब्रुवारी १८९९ मध्ये अमेरिकेच्या पूर्व भागावर थंडीची मोठी लाट उतरली. ११ तारखेला वॉशिंग्टनमध्ये पारा उणे २६.१ अंश सेल्सिअसवर गेला. १३ तारखेला तीच लाट फ्लोरिडातल्या टॅलाहासीपर्यंत पोचली आणि तिथे उणे १८.९ अंश नोंदले गेले. फ्लोरिडा राज्याचा तो नीचांक आजही टिकून आहे. म्हणजे लाट एकच, पण एका शहरात ती ११ तारखेच्या पानावर बसली आणि दुसऱ्यात १३ तारखेच्या. वाऱ्याने दिशा जरा बदलली असती तर हे आकडे आणखी वेगळ्याच तारखांना चिकटले असते. तुमच्या तारखेचा नीचांक सौम्य दिसला, तर आधी आजूबाजूच्या तारखा उघडून पाहा.

म्हणून एकटी तारीख घेऊ नका. तिच्या आधीचे पाच आणि नंतरचे पाच दिवस धरा. असे अकरा दिवस, गेल्या तीस वर्षांचे. हवामानशास्त्रातही सरासरी तीस वर्षांचीच धरतात, सध्या १९९१ ते २०२० या काळाची. तुमच्या हातात ३३० रात्रींचे किमान तापमान येईल. आता आपल्या पिकाला जिथून इजा सुरू होते तो आकडा ठरवा आणि त्याखाली पारा गेला असे किती हिवाळे होते ते मोजा. रात्री मोजू नका, हिवाळे मोजा. एकच लाट चार रात्री मुक्काम करते. त्या चार रात्री वेगळ्या धरल्या तर धोका फुगून दिसतो.

समजा तीसपैकी तीन हिवाळ्यांत तापमान त्या रेषेखाली गेले. याचा अर्थ दर हिवाळ्याला साधारण १० टक्के धोका. एका हंगामाचा भाजीपाला लावणारा हा धोका पत्करू शकतो, फटका बसला तर पुढच्या हंगामात सावरता येते. पण याच हिशेबाने दहा वर्षांत निदान एकदा तरी तडाखा बसण्याची शक्यता ६५ टक्के होते आणि वीस वर्षांत ८८ टक्के. बाग लावणाऱ्याने ही गोष्ट खड्डे खणण्याआधी पाहायला हवी. झाड वीस वर्षे उभे राहणार असेल, तर तो तडाखा बसणार असे धरूनच जागा आणि जात निवडा.

पावसाच्या रकान्याबद्दल एवढेच: हिवाळ्यातल्या एका तारखेची पावसाची सरासरी बहुधा फसवी असते. तीस वर्षांपैकी एकोणतीस वर्षे कोरडी गेली आणि एका वर्षी ४५ मिलिमीटर पडला, तरी सरासरी दीड मिलिमीटर निघते. दीड मिलिमीटर पाऊस त्या तारखेला कदाचित कधीच पडलेला नसतो.

शहराचा आकडा शेतात कसा आणायचा

वेधशाळेचा तापमापक पांढऱ्या झडपांच्या पेटीत, जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर असतो. तुमचे रोप मात्र जमिनीलगत, उघड्या आभाळाखाली उभे असते. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री पाने आपली उष्णता आकाशाकडे सोडत राहतात आणि भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतात. अशा रात्री जमिनीलगतचे तापमान पेटीतल्या तापमानापेक्षा तीन ते पाच अंशांनी कमी असू शकते. नोंद ३ अंशांची आणि सकाळी पिकावर पांढरे दहिवर, असे होते ते यामुळेच. त्यात नोंद शहरातली असेल तर आणखी फरक पडतो. सिमेंट आणि डांबर दिवसभराची ऊब रात्री सोडत राहतात, त्यामुळे शहराची पहाट शिवारापेक्षा उबदार असते. केंद्र मधल्या काळात दुसरीकडे हलवले गेले असेल, तर जुने आणि नवे आकडे सरसकट एकत्र करू नका.

यावर उपाय स्वस्त आहे. एक साधा कमाल-किमान तापमापक घ्या. तो पिकाच्या उंचीवर आणि शेताच्या सर्वांत खोलगट कोपऱ्यात लावा, घराच्या भिंतीजवळ नको. थंड हवा जड असते. ती पाण्यासारखी उतारावरून वाहत येऊन सखल जागी साचते आणि आडव्या बांधामागे किंवा दाट कुंपणामागे तुंबते. निरभ्र, शांत अशा पंधरा-वीस रात्रींचे आपले किमान तापमान आणि शहराचे किमान तापमान शेजारी शेजारी लिहा. त्यातून जो फरक दिसेल तो शहराच्या तीस वर्षांच्या नोंदींतून वजा करा. मग त्या नोंदी खऱ्या अर्थाने तुमच्या शेताच्या होतील. सोसाट्याच्या वाऱ्याच्या रात्री यात धरू नका, कारण वारा हवा ढवळतो आणि हा फरक बराचसा पुसला जातो.

आणखी एक बारीक गोष्ट. किमान तापमान बहुधा पहाटे, सूर्योदयाच्या सुमारास येते. उदाहरणार्थ, १७ तारखेची नोंद म्हणजे प्रत्यक्षात १६ च्या संध्याकाळपासून सुरू झालेली उतरण. तयारी १६ तारखेच्या उजेडातच झाली पाहिजे.

पीक कोणत्या अवस्थेत आहे

तापमानाचा आकडा एकटा काही सांगत नाही. थंड प्रदेशातला, थंडीला सरावलेला गहू फुटव्यांच्या अवस्थेत उणे ११ अंशांच्या आसपासही तग धरतो. तोच गहू निसवून फुलोऱ्यात आला की उणे १ अंशात परागकण मरतात आणि ओंबी पोचट राहते. सफरचंदाची कळी फुगू लागते तेव्हा उणे ९ अंशांच्या सुमारास दहातली एखादी कळी जाते. पूर्ण फुलोऱ्यात तेवढीच हानी उणे २ अंशांच्या थोडे खाली होते, आणि उणे ४ च्या जवळ बहुतेक सगळा बहर जातो. म्हणून तारखेच्या नोंदीशेजारी पिकाची अवस्था लिहिल्याशिवाय ती नोंद पुरी होत नाही.

याच कारणाने उच्चांकाचा रकानाही पाहा. तो हिवाळ्यात कोणी पाहत नाही याचे मला फार वाईट वाटते, कारण सर्वांत मोठी हानी अनेकदा उबदार दिवसांनंतर होते. २९ डिसेंबर १८९४ च्या कडाक्यात फ्लोरिडातल्या संत्र्यांची फळे आणि पाने गेली, पण झाडे बहुतांशी वाचली. जानेवारी उबदार गेला. झाडांत रस चढला, कोवळी पालवी आली. मग ७ आणि ८ फेब्रुवारी १८९५ ला दुसरी लाट आली. रस गोठून साली उभ्या फाटल्या आणि मोठमोठी झाडे जमिनीपर्यंत मेली. डिसेंबरमध्ये जे झाड सोसू शकले, ते फेब्रुवारीत सोसू शकले नाही, कारण मधल्या उबेने ते जागे झाले होते. हिवाळ्यात आठ-दहा दिवस असामान्य उबदार गेले, तर त्या काळात नत्राचा हप्ता देऊ नका आणि छाटणी पुढे ढकला. दोन्हींमुळे कोवळी फूट निघते आणि थंडी आधी तिलाच गाठते.

रात्र थंड जाणार असे दिसले तर

संध्याकाळी आभाळ निरभ्र, वारा पडलेला आणि हवा कोरडी असेल तर सावध व्हा. दवबिंदू तापमान, म्हणजे हवेतल्या बाष्पाचे ज्या तापमानाला दव होऊ लागते ते, शून्याच्या जवळ किंवा वर असेल तर दव पडताना सुटणारी उष्णता तापमानाची घसरण मंदावते. ते शून्याच्या बरेच खाली असेल तर पारा अडथळ्याशिवाय उतरतो आणि पांढरे दहिवर न दिसताही पीक काळे पडते.

एक-दोन दिवस आधी जमीन ओली करून ठेवा, पण पाणी साचू देऊ नका. वरची वीतभर माती ओलसर असली तरी पुरे. ओली माती दिवसा जास्त ऊब साठवते आणि रात्री ती वर सोडते. ओळींमधले तण आणि पेंढ्याचे आच्छादन याबाबत मोठा गैरसमज आहे. आच्छादन मुळांना आणि जमिनीतल्या कंदांना वाचवते हे खरे, पण ते मातीची ऊब वर येऊ देत नाही, त्यामुळे त्याच्यावरची पाने आणि फुले अधिक गारठतात. बहर वाचवायचा असेल तर मधली जमीन स्वच्छ, दाबलेली आणि ओली ठेवा.

तुषार सिंचनाने वाचवायचे असेल तर ते पूर्ण तरी करा, नाहीतर करूच नका. एक ग्रॅम पाणी गोठताना सुमारे ८० कॅलरी उष्णता सोडते, पण तेवढेच पाणी बाष्प होताना सुमारे ६०० कॅलरी खेचून घेते. पाणी सतत पडत राहिले तरच गोठण्याची ऊब पिकाला मिळते. मध्येच पंप बंद पडला किंवा पाणी अपुरे पडले, तर न वाचवलेल्या पिकापेक्षाही जास्त नुकसान होते. सुरुवात तापमान शून्यावर येण्याआधी करा, कोरड्या हवेत आणखी आधी. सूर्य वर येऊन बर्फ वितळू लागेपर्यंत पाणी बंद करू नका. रात्रभराच्या विजेची खात्री नसेल तर हा मार्ग सोडून द्या.

रोपवाटिकेवर संध्याकाळ होण्याआधी कापड टाका, ते पानांना टेकू देऊ नका आणि कडा जमिनीपर्यंत बंद करा. सकाळी ऊन आल्यावर काढा. धूर करण्यावर मेहनत घालवू नका. जमिनीतून आकाशाकडे जाणारी उष्णता धुराने फारशी अडत नाही, उपयोग होतो तो आगीच्या उष्णतेचा. पण एका मोठ्या जाळाने तापलेली हवा सरळ वर निघून जाते आणि बाजूची थंड हवा आत ओढते.

सकाळी पीक करपलेले दिसले तरी लगेच कात्री लावू नका. पाने त्याच दिवशी मऊ आणि काळपट दिसतात, पण फांदी कुठपर्यंत मेली हे कळायला काही आठवडे लागतात. नवी फूट कुठून निघते ते दिसेपर्यंत थांबा, मेलेली पाने तशीच राहू द्या. पुढची लाट आली तर आतल्या जिवंत डोळ्यांवर त्यांचेच थोडे पांघरूण होते. त्या सकाळी शेतातला तापमापक किती खाली गेला, पीक कोणत्या अवस्थेत होते आणि कोणत्या कोपऱ्यात सर्वांत जास्त जळाले, एवढे वहीत तारखेसह लिहा. पुढच्या हिवाळ्यात कापड आधी कुठे टाकायचे ते त्या पानावरून ठरवता येईल.